दंडावरचा सेन्सर ५८ म्हणतो, बोट ११२ म्हणतं

वाचकाचं पत्र: माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, जळगावला आईबरोबर राहतात. मधुमेहाला १९ वर्षं झाली. रात्री लाँग ॲक्टिंग आणि जेवणाआधी रॅपिड इन्सुलिन घेतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांच्या दंडावर चौदा दिवसांचा ग्लुकोज सेन्सर लावला. मी पुण्यात असते, ॲपवरून मलाही आकडे दिसतात. पहिल्याच रात्री अडीच वाजता ५८ चा अलार्म वाजला. आईने घाबरून ग्लासभर साखरपाणी दिलं. दहा मिनिटांनीही ६१ च दिसलं म्हणून अजून एक ग्लास दिला. सकाळी साखर २६०! दुसऱ्या रात्री पुन्हा ५८ दिसलं, पण या वेळी ग्लुकोमीटरवर पाहिलं तर ११२. जेवणानंतर मात्र उलटंच, मीटरवर २३४ आणि सेन्सरवर १७८. पुढचा सेन्सर मे महिन्यात लावला. बाबांना सर्दी होती, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू होत्या. आठवडाभर आकडे चढेच राहिले आणि नवव्या दिवशी तो घामाने निघून पडला. आता बाबा म्हणतात, ‘खोटं यंत्र आहे, नको मला.’ तिसरा सेन्सर घरात पडून आहे. लावू की नको?

उत्तर: लावा. १९ वर्षांचा मधुमेह आणि दोन प्रकारचं इन्सुलिन असलेल्या माणसाला रात्रीची साखर दिसणं फार मोलाचं आहे. तुम्ही लिहिलेल्या चारही घटनांना कारणं आहेत आणि त्यातल्या बहुतेक टाळता येतात. पण आधी त्या साखरपाण्याबद्दल, कारण ती चूक पुन्हा होऊ शकते.

अलार्म वाजला की बाबांना उठवून बसवा. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ यातलं काही दिसत असेल, तर मीटर शोधत बसू नका, आधी साखर द्या. लक्षणं नसतील आणि मीटर हाताशी असेल, तर आधी बोटातून तपासा. मीटर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे अर्धा कप पाण्यात तीन चहाचे चमचे. ग्लासभर नव्हे. मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मीटरवर पाहायचं, सेन्सरवर नाही. साखर आधी रक्तात चढते, सेन्सरपर्यंत पोचायला तिला आणखी वेळ लागतो. रक्तातली साखर ९० वर आली तरी सेन्सर ६१ च दाखवत असतो. दुसरा ग्लास याच फरकामुळे दिला गेला, आणि सकाळच्या २६० मध्ये त्याचा मोठा वाटा असणार. कधी बाबा बेशुद्ध असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं. हे आईंच्या हस्ताक्षरात लिहून पलंगाशेजारी चिकटवा. अडीच वाजता फोनवर समजावण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आता आकडे वेगळे का येतात ते पाहू. बाबांना हे समजलं तर त्यांचा राग निवळेल असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेन्सरच्या बुडाशी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असा लवचिक तंतू असतो. तो कातडीखाली साधारण ५ मिलिमीटर जातो. सुई त्याला फक्त आत पोचवते आणि लगेच बाहेर येते. दंडात सुई राहत नाही, हे बाबांना आवर्जून सांगा. तंतूचं टोक रक्तवाहिनीत नसतं, पेशींच्या मधल्या द्रवात असतं. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं, जे बहुधा आस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. द्रवात शेकडो पदार्थ असले तरी हे एन्झाइम नेमकं ग्लुकोज धरतं, त्याच्या प्रत्येक रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि त्याचं ग्लुकोनोलॅक्टोन करून सोडून देतं. हे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की प्रवाह वाहतो. तो असतो नॅनोॲम्पिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांशात. जितकं ग्लुकोज, तितका प्रवाह. त्यावरून हिशेब करून स्क्रीनवर आकडा येतो.

इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत कसे पोचतात, यावरून या सेन्सरचे दोन मुख्य प्रकार पडतात. एकात एन्झाइम इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर साधारण ०.६ व्होल्टला मोजलं जातं. दुसऱ्यात एन्झाइम एका जेलमध्ये अडकवलेलं असतं आणि त्या जेलमध्ये ऑस्मियम धातूची संयुगं गुंफलेली असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यावरून उड्या मारत इलेक्ट्रोडला जातात, ऑक्सिजनच्या मध्यस्थीची गरज नसते, आणि व्होल्टेज शून्याच्या जवळपास ठेवलं तरी काम भागतं. टेक्सासमधले रसायनशास्त्रज्ञ ॲडम हेलर यांनी ही पद्धत घडवली. फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर याच प्रकारचा आहे. तुमचा सेन्सर कोणत्या प्रकारचा, हे माहीत असणं का गरजेचं, ते व्हिटॅमिन सीच्या मुद्द्यावर कळेल.

दोन्ही प्रकारांत तंतूवर बाहेरून पॉलिमरचं पातळ आवरण असतं. ग्लुकोजची वाट ते मुद्दाम अडवतं. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर साखर म्हणजे लिटरला साडेपाच मिलिमोल. पेशींमधल्या द्रवात विरघळलेला ऑक्सिजन त्याच्या कैक पटींनी कमी असतो. सगळं ग्लुकोज आत येऊ दिलं तर पेरॉक्साइडवाल्या सेन्सरमध्ये ऑक्सिजन आधी संपेल आणि साखर १५० असो की ३५०, आकडा एकच दिसेल. म्हणून ग्लुकोज थेंबाथेंबाने आत सोडायचं आणि ऑक्सिजनला मोकळी वाट द्यायची, अशी ही चाळण आहे. या सेन्सरचं खरं कसब एन्झाइमइतकंच या आवरणात आहे.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड जोडून साखर मोजायची मूळ कल्पना जुनी आहे. लीलँड क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी ती अमेरिकेत १९६२ मध्ये मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम जेलमध्ये अडकवून इलेक्ट्रोडवर बसवून दाखवलं. पण कातडीखाली तीन दिवस राहणाऱ्या सेन्सरला अमेरिकेत मान्यता मिळायला १९९९ साल उजाडलं, आणि तोही रुग्णाला आकडे दाखवत नव्हता, नंतर डॉक्टर ते उतरवून घेत. एन्झाइम हाती असूनही इतकी वर्षं लागली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीर. तंतू आत गेल्यावर काही मिनिटांत त्याच्यावर प्रथिनांचा थर बसतो, मग पांढऱ्या पेशी गोळा होतात, परकी वस्तू म्हणून तिला घेरतात. जखम झालेल्या त्या जागेत पहिले काही तास, कधी पहिला पूर्ण दिवस, ग्लुकोजची ये-जा नेहमीसारखी नसते. पहिल्या चोवीस तासांचा आकडा सगळ्यात कच्चा असतो. आतमध्ये रक्ताची छोटी गाठ झाली असेल तर तिच्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खोटा कमी येतो.

तुमचा पहिला ५८ पहिल्याच रात्रीचा होता, त्यामुळे त्यात याचा हात असू शकतो. पण दुसऱ्या रात्रीही तसंच झालं आणि मीटरवर ११२ निघाले, तेव्हा आमचा पहिला संशय झोपण्याच्या कुशीवर आहे. बाबा सेन्सर असलेल्या कुशीवर झोपतात का? दंड शरीराखाली दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा आकसतो. आजूबाजूच्या पेशी साखर वापरत राहतात, नवी साखर येत नाही, आणि त्या चिमुकल्या जागेत ती खरोखरच कमी होते. म्हणजे त्या पाच मिलिमीटरपुरता सेन्सर बरोबरच होता. फक्त बाबांच्या रक्तात ५८ नव्हते.

हे ओळखायची खूण ॲपमधल्या आलेखात आहे. दाबामुळे आलेला उतार कड्यासारखा असतो: १००-११० वर चाललेली रेघ दहा-पंधरा मिनिटांत ५० च्या घरात कोसळते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्याने, काही न खाता, वर येते. इन्सुलिन जास्त झाल्याने येणारी खरी घट घाटाच्या उतारासारखी असते, तास-दीड तास हळूहळू खाली येणारी, आणि काही खाल्ल्याशिवाय सहसा पटकन न सावरणारी. त्या दोन रात्रींचा आलेख ॲपमध्ये अजून असेल, तो उघडून बघा. पुढचा सेन्सर बाबा ज्या कुशीवर झोपत नाहीत त्या दंडाला लावा, दंडाच्या बाहेरच्या कडेला नव्हे तर मागच्या मांसल भागावर.

मात्र ‘दाबामुळेच असेल’ म्हणून कमी साखरेचा अलार्म बंद करू नका. इतक्या वर्षांच्या मधुमेहात अनेकांना साखर उतरल्याची लक्षणंच जाणवेनाशी होतात. एखाद्या रात्री मीटरवरही ७० च्या खाली निघाले, तर एकदाच झालं म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्रीच्या इन्सुलिनचा डोस बदलायचा का ते त्यांनी ठरवायचं.

जेवणानंतरच्या २३४ आणि १७८ मध्ये मला काही बिघाड दिसत नाही. साखर रक्तातून पेशींमधल्या द्रवात झिरपायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात, त्यावर सेन्सरची स्वतःची थोडी दिरंगाई. जेवणानंतर रक्तातली साखर मिनिटाला ३ ने चढत असेल, तर दहा मिनिटांच्या अंतराने ३० चा फरक तिथेच पडला. तुमचा एकूण फरक ५६ चा. उरले २६, म्हणजे २३४ च्या सुमारे ११ टक्के. आता मीटरही देव नाही. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकानुसार १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंकांपर्यंतचा फरक चालतो, तोही १०० पैकी ९५ वेळा. त्याच्या पट्टीवरही एन्झाइमच असतं. चांगल्या सेन्सरचा सरासरी फरक ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास असतो. दोन्हींच्या चुका एकमेकींत मिळवल्या तर २६ कुठून आले याचा हिशेब लागतो.

म्हणून ताडून बघायचं ते ॲपमध्ये आकड्याशेजारी दिसणारा बाण आडवा असताना. आडवा बाण म्हणजे साखर मिनिटाला १ पेक्षा कमी बदलते आहे. तिरका असेल तर १ ते २, आणि सरळ उभा असेल तर २ पेक्षा जास्त. सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तीन तासांनी बाण आडवा असताना बोटातून तपासा. मीटर १०० च्या वर असेल तर २० टक्क्यांच्या आत, खाली असेल तर २० अंकांच्या आत फरक असला की सेन्सर नीट चालला आहे असं धरा. आडव्या बाणावर दिवसातून दोनदा, सलग दोन दिवस यापेक्षा जास्त फरक आला, तर मात्र तो सेन्सर बिघडलेला आहे. आणि बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. केळं सोललेल्या किंवा आंबा चोखलेल्या हाताने तपासलं तर फळातली साखर पट्टीवर जाते आणि आकडा भलताच चढतो. जळगावात हे वेगळं सांगायला नको, पण यात फसणारे बरेच असतात.

आता व्हिटॅमिन सी. तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या ओळीची. खोटा कमी आकडा आला तर झोप मोडते आणि साखर थोडी चढते. खोट्या जास्त आकड्यावर इन्सुलिन वाढवलं, तर माणूस खरोखरच्या हायपोत जातो, म्हणजे त्याची साखर धोकादायक खाली उतरते. व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, अगदी कमी व्होल्टेजलाही इलेक्ट्रोडवर आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. ते इलेक्ट्रॉन कुठून आले हे सेन्सरला कळत नाही, तो त्यांना ग्लुकोजच्याच खात्यात धरतो. लिब्रेच्या काही सेन्सरच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास आकडा खोटा चढू शकतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चघळायच्या गोळ्या बहुधा ५०० मिलिग्रॅमच्याच असतात. दिवसात दोन झाल्या की १००० झाले. लिंबूसरबताची धास्ती नको, त्यात एवढी मात्रा नसते.

सर्दीत साखर मुळातच चढते, त्यामुळे त्या आठवड्यातलं किती खरं आणि किती गोळ्यांचं, हे आता वेगळं काढता येणार नाही. त्या दिवसांच्या तारखा डॉक्टरांना सांगा आणि त्या रिपोर्टवरून डोस ठरवू नका असं म्हणा. त्या आकड्यांवर आधीच डोस वाढवला असेल, तर आजच फोन करा.

तुमचा सेन्सर पेरॉक्साइडच्या प्रकारातला असेल तर प्रश्न पॅरासिटामॉलचा येतो. ०.६ व्होल्टला तेही इलेक्ट्रॉन देतं. नव्या काही सेन्सरमध्ये त्याला अडवणारा थर असतो, डेक्सकॉम जी६ या सेन्सरमध्ये सहा तासांत १ ग्रॅमपर्यंत चालतं, पण सगळ्यांत नाही. सर्दीतापाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेल आणि रक्ताच्या काही कर्करोगांवरचं औषध) घेणाऱ्यांनीही आधी विचारायला हवं. खोक्यातलं माहितीपत्रक उघडून औषधांचा परिच्छेद आधी वाचा, आणि सेन्सर असताना नवी गोळी सुरू झाली की मीटरवर ताडून बघा.

उन्हाचं आणि घामाचं. एन्झाइम हे प्रथिन आहे. जास्त उष्णतेत त्याची घडी मोडते आणि मग ते काम करत नाही. न उघडलेल्या सेन्सरसाठी खोक्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुतेकांवर ती ३० अंश किंवा त्याहूनही कमी असते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. औषधाच्या दुकानातून घरी येताना स्कूटरच्या डिकीत तासभर ठेवलेला सेन्सर तिथेच खराब होऊ शकतो. कुरियरने मागवत असाल तर उन्हाळ्यात तो वाटेत किती वेळ तापतो हे तुमच्या हातात नसतं, त्यापेक्षा दुकानातून सकाळी लवकर आणा. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको. तुमचा तिसरा सेन्सर मे महिन्यात कुठे ठेवला होता, ते आईंना विचारा, आणि खोक्यावरची शेवटची तारीखही बघा. लावल्यानंतर त्या दंडाला गरम शेक किंवा बर्फ लावायचा नाही, कारण तापमान बदललं की एन्झाइमचा वेग बदलतो.

सेन्सर निघून पडतो तो बहुतेक वेळा कातडी नीट तयार न केल्यामुळे. दंड साध्या साबणाने धुवायचा. मॉइश्चरायझरवाला साबण नको, खोबरेल तेल तर नकोच. पुसून, केस असतील तर बारीक कापून, स्पिरिटच्या स्वॅबने साफ करायचं आणि फुंकर न मारता पूर्ण मिनिटभर वाळू द्यायचं. लावल्यावर कडेने अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचं. घाम फार येत असेल तर वरून मेडिकल टेप लावता येते, पण काही सेन्सरच्या मध्यभागी बारीक भोक असतं, ते झाकायचं नाही. बनियनची बाही आणि दाराची चौकट यांच्याकडेही लक्ष असू द्या. लावताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. रक्त थांबतच नसेल तर तो सेन्सर काढून दुसरा लावावा लागेल.

चिकटपट्टीखाली नुसती खाज नाही तर लाल चट्टा, फोड किंवा पाणी आलं तर ती चिकट पदार्थाची ॲलर्जी असू शकते. सेन्सर काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एमआरआय करायचा असेल तर तपासणीच्या आधी तंत्रज्ञाला सांगा. मुदतीआधी बंद पडलेला किंवा निघालेला सेन्सर फेकून देऊ नका. अनुक्रमांक टिपून कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करा, बऱ्याचदा बदलून मिळतो.

पैशाबद्दल. सेन्सर सलग लावणं परवडत नसेल, तर डॉक्टरांच्या भेटीआधीचे चौदा दिवस लावायचा आणि त्या काळात काय खाल्लं, कधी इन्सुलिन घेतलं याची वही ठेवायची, हाही चांगला मार्ग आहे. पण बाबांना साखर उतरल्याचं कळत नसेल, तर बाकी कुठे काटकसर करा आणि सलग लावा. रिपोर्टमध्ये पहिल्यांदा सरासरी बघू नका, ७० च्या खाली किती टक्के वेळ गेला ते बघा. दिवसाचा १ टक्का म्हणजे जवळपास १५ मिनिटं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सर्वसाधारण प्रौढांसाठी ही मर्यादा ४ टक्क्यांच्या आत आहे. वयस्कर आणि जोखमीच्या रुग्णांसाठी १ टक्क्याच्या आत, आणि त्यांनी ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ राहिलं तरी पुरेसं मानतात. बाबांसाठी कोणती मर्यादा, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तर तिसरा सेन्सर सकाळी आंघोळीनंतर लावा, संध्याकाळी नको, म्हणजे बरेचसे कच्चे तास बाबा जागे असतानाच सरतील. सर्दी-ताप नसताना, व्हिटॅमिन सी बंद असताना लावा. पहिले चोवीस तास इन्सुलिनचा प्रत्येक डोस मीटर पाहूनच घ्यायचा. आणि पहिल्या दोन रात्री अलार्म वाजो वा न वाजो, तीन वाजता एकदा बोटातून तपासायचं. तो आकडा सेन्सरच्या आकड्याशेजारी, वेळ आणि बाण टिपून, वहीत बाबांनाच लिहू द्या.